धुक्यात कुणीतरी ओरडलं

ग्रिम्सबी,
१९ डिसेंबर १९४८

प्रिय नेली,

पोहोचलो एकदाचे. आईने माडीवरची खोली दिली आहे. खिडकी उघडली की मासळीचा वास येतो आणि बंद केली की आईचं बोलणं ऐकू येतं, म्हणून सध्या खिडकी उघडीच ठेवते. ब्रेंडाला मजा वाटते आहे. तिच्या चार वर्षांच्या आयुष्यात एवढे समुद्रपक्षी तिने पाहिले नव्हते.

सिरिलचे आभार मानायचे राहूनच गेले. आम्ही निघालो त्या सकाळी फाउंड्री स्ट्रीटवर एकही दार उघडलं नाही. समोरच्या मिसेस क्लेगने पडद्याची फट तेवढी केली. आणि तुझा नवरा, अख्ख्या फुटबॉल क्लबचा कप्तान, आमचं कपाट पाठीवर घेऊन जिना उतरत होता! आमचा रेग अजून म्हणतो, "त्या टीममध्ये माणूस एकच होता."

आमच्या दारावर कुणीतरी खडूने 'पुतळा डनिंग' असं लिहिलं होतं. निघताना मी ते पुसलं. क्लबचं घर आहे, पुढच्या बाईला कशाला घाण.

एका गोलासाठी एवढं होतं का गं? अ‍ॅकर्डेल टाऊन सप्टेंबरपासूनच तळाला होती. कपच्या सामन्यात मारलॉकच्या खाणकामगारांच्या टीमकडून हरलो, जी लीगमध्येही नाही, हे लोकांना झोंबलं. ते मला समजतं. पण त्या दिवशी धुकं असं होतं की तू शेजारी बसलेली असून मला तुझा चेहरा दिसत नव्हता. आपले सगळे कॉर्नरसाठी पुढे गेलेले. मागे फक्त सिरिल आणि गोलात रेग. धुक्यातून बॉल उंच आला. रेग पुढे निघालाच होता, तेवढ्यात स्वच्छ हाक आली: "माझा! सोड!" म्हणून तो जागीच थांबला. बॉल त्याच्यापुढे टप्पा खाऊन आत गेला. गोलामागच्या लोकांना दिसली ती हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या रेगची पाठ.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने विचारलं, "सिरिल, तू ओरडलास ना?" तर सिरिल म्हणाला, "नाही रे रेग. कुणीच ओरडलं नाही." किती मायेने म्हणाला, ते रेग सांगत असतो. दुसरा कुणी असता तर चारचौघांत त्याची सालटी काढली असती.

पुढच्या शनिवारी लोकांनी त्याला वॉर्म-अपसुद्धा करू दिला नाही. मग टॅटरसॉल साहेबांनी बोलावून घेतलं. मॅनेजर कधी खुर्ची देत नाही, त्या दिवशी दिली. तेव्हाच रेगला कळलं, आपल्याला काढलं.

माझ्या भावाने त्याला गोदीवर चिकटवलं आहे. बोटींतून पेट्या उतरवायचं काम. बघू.

तुझी,
एल्सी


अ‍ॅकर्डेल,
२८ डिसेंबर

प्रिय एल्सी,

तुझं पत्र आलं आणि मी ते धुण्याच्या टबाशी उभ्या उभ्या वाचलं. टीमच्या सगळ्या जर्सी अजून माझ्याकडेच येतात. नाताळच्या दिवशी चार गोलांनी हरलो आणि काल पुन्हा तीन. जिंकून आलेल्या जर्सीचा आणि हरून आलेल्या जर्सीचा चिखल सारखाच निघतो, हे तेवढं बरं.

तुमच्या घरात नवा गोलकीपर आलाय. बोलतो फार, पकडतो कमी. त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी तुझ्या दोरीवर कपडे घातले. मी काही बोलले नाही, पण चिमटे मात्र माझे मी काढून आणले.

गावात एकच विषय. तळाला राहिलो तर जूनमध्ये आपले चेअरमन पॉमफ्रेट साहेब लंडनला जाऊन बाकीच्या क्लबांपुढे मतांसाठी हात पसरणार. मतं मिळाली तर लीगमध्ये राहू, नाहीतर आहेच मारलॉकसारख्यांबरोबर खेळणं. खाटकाच्या दुकानात लाज वाटते गं, जसं काही मीच गोल खाल्ले.

सिरिलचं काय बिनसलंय कळत नाही. नाताळला आईने कोंबडी पाठवली होती, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. मी म्हटलं, "गुडघा दुखतोय?" "नाही." "पोट?" "नाही." "मग काय जीभ दुखते?" तर उठून कोळशाच्या कोठीत जाऊन बसला. मला वाटतं त्याला रेगची आठवण येते. आठ वर्षं एकामागे एक उभे राहिलेत दोघं, मधली लढाई सोडली तर.

एक बातमी आहे. टॅटरसॉल म्हणाले, सिरिलचे पाय आता थकले, पुढच्या हंगामापासून त्याला ट्रेनर करू. म्हणजे क्लबचं हे घर राहील! मी ऐकलं आणि पायरीवरच बसले.

रेगला सांग, मनाला लावून घेऊ नकोस. सिरिल म्हणतो, धुक्यात कान फसवतात. कुणाचंही होईल.

तुझी,
नेली


ग्रिम्सबी,
१६ जानेवारी १९४९

प्रिय नेली,

हे पत्र तुलाच लिहितेय, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस. सिरिलला दाखवलंस तर चालेल.

रेगने गोदी सोडली. हाकलला नाही कुणी. तिथे सगळं काम हाकांवर चालतं. वरून ओरडतात "सोड!", की खालच्याने दोर सोडायचा. रेग दोर धरून उभा राहायचा आणि सोडायचाच नाही. वरचा माणूस शिव्या घालायचा आणि हा माझ्या भावाला विचारायचा, "तो खरंच ओरडला का?" दोनदा झालं, तिसऱ्यांदा तो आपणहून घरी आला. आता आईबरोबर बसून जाळी विणतो. आसपासच्या बायका येतात विणायला, त्यांच्यात हा सहा फुटांचा माणूस. त्या चेष्टा करतात, तोही हसतो. पण मला बघवत नाही.

घरातही तेच. दार वाजलं की आधी माझ्याकडे बघतो. मी उठले तर त्याला कळतं की वाजलं. ब्रेंडा "बाबा" म्हणाली की माझ्याकडे बघतो. मी मान हलवली तरच तिला "काय गं" म्हणतो. पोरीला वाटतं हा खेळ आहे.

परवा त्याने मला लढाईतलं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदा. रशियाला माल नेणाऱ्या ताफ्यात त्यांच्या पुढची बोट बुडाली. धुकं होतं. पाण्यातून माणसं हाका मारत होती आणि थांबायचं नाही असा हुकूम होता. ते पुढे गेले. पण हाका थांबल्या नाहीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, जिथे कुणी असणं शक्यच नव्हतं तिथेही त्याला ऐकू येत होत्या. बंदरात उतरल्यावर बंद झाल्या. त्याला वाटलं, संपलं ते.

आता म्हणतो, "एल्सी, ते संपलेलं नव्हतं. त्या दिवशी गोलात उभा असताना परत आलं. सिरिल तिथे होता आणि सिरिलला काही ऐकू आलं नाही."

नेली, माझं एक काम कर. सिरिलला पुन्हा एकदा नीट विचार. मारलॉकचा कुणी ओरडला असेल, गोलामागून एखाद्या टारगटाने ओरडून फसवलं असेल. कुणीही चालेल गं. फक्त हाक खरी होती एवढं कुणीतरी म्हणू दे.

एल्सी


अ‍ॅकर्डेल,
६ फेब्रुवारी

प्रिय एल्सी,

उशीर झाला, रागावू नकोस. इकडे थंडी फार आहे. जर्सी दोरीवर वाळायच्या आधीच कडक होतात.

सिरिलला विचारलं. त्याला नीट आठवत नाही म्हणाला. धुकं होतं.

मागच्या शनिवारी बरोबरी झाली, एक-एक. लोकांनी जिंकल्यासारख्या टोप्या उडवल्या. नवा गोलकीपर बरा खेळला.

ब्रेंडासाठी लोकरीचा स्वेटर पाठवतेय. माझा निळा होता, तोच उसवून विणला. साखरही थोडी घातली आहे, आम्हाला दोघांना एवढी लागत नाही. रेगला ताज्या हवेत फिरायला ने. डॉक्टरला दाखव. आजकाल डॉक्टर चांगले असतात.

जास्त लिहीत नाही. हात गारठलेत.

नेली


ग्रिम्सबी,
९ मार्च

प्रिय नेली,

स्वेटर अगदी मापात झाला. अगं, पण रेशनची एवढी साखर! तुम्ही चहा कसा पिता आहात?

तुझ्या सांगण्यावरून डॉक्टरला दाखवलं. भला माणूस आहे. त्याने रेगचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मनाच्या रुग्णालयात काही आठवडे राहावं. तिथे डोक्याला तारा लावून वीज देतात. काहींना गुण येतो म्हणाला. काही गोष्टी विसरायलाही होतात, पण बहुतेक परत आठवतात म्हणे. मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" तर चष्मा पुसायला लागला.

माझी इच्छा नव्हती. पण रेग तयार आहे. "आत कुणी कोंडत नाहीये," म्हणाला, "मी माझ्या पायांनी जाणार. सही मीच करणार." मी म्हटलं, "तू वेडा नाहीस." तर शांतपणे म्हणाला, "सिरिल हॉवर्थ खोटं बोलणारा माणूस नाही. मग ऐकलं ते माझ्या डोक्यातच होतं ना? उद्या ब्रेंडाचा हात धरून गोदीवरून चाललो असताना मला कुणीतरी 'उडी मार' म्हणालं तर?"

मी ट्रंक काढली आणि त्याचे कपडे घडी घालून ठेवले.

येत्या २१ तारखेला, सोमवारी, त्याला घेऊन जाणार आहे. सिरिलला सांग, त्याआधी रेगला दोन ओळी लिही. त्याच्या शब्दाने याला धीर येतो.

तुझी,
एल्सी


अ‍ॅकर्डेल,
१७ मार्च

एल्सी,

हे पत्र घेऊन आलेल्या माणसाला दारातच उभा राहू दे. आधी वाच.

रेगला सही करू देऊ नकोस. त्याने ऐकलं ते खरं होतं. सिरिल ओरडला होता.

तुझं जानेवारीचं पत्र आलं त्या आठवड्यातला रविवार होता. दुपारी सिरिल चुलीपाशी बसून बुटांना चरबी चोळत होता. मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, अगदी त्या पाण्यातल्या माणसांसकट. वाचून झालं तरी तो तोच बूट चोळत होता. मी म्हटलं, "काय लिहू तिला?" तो म्हणाला, "लिही, कुणी ओरडलं नाही." मी म्हटलं, "सिरिल, माझ्याकडे बघून सांग." तर बूट खाली ठेवला आणि म्हणाला, "मी ओरडलो गं. माझा म्हटलं, सोड म्हटलं आणि वळलो तर बॉलच दिसेना. धुक्यात हरवला. दिसला तेव्हा जाळीत होता."

"मग खोलीत का नाही सांगितलंस?"

"टॅटरसॉल बोंबलत होते. मला वाटलं, शांत झाले की सांगतो. रेगने विचारलं आणि तोंडातून नाही असं निघून गेलं. एकदा नाही म्हटल्यावर मग..."

"मग काय?"

"मग सोमवार आला, नेली. मग मंगळवार."

मी त्याला वाटेल ते बोलले. भांडं फेकलं. आणि एवढं करून दोन आठवड्यांनी तुला काय लिहिलं, ते तुझ्याकडे आहेच. आठवत नाही म्हणाला, धुकं होतं. सिरिलने नाही सांगितलं मला तसं लिहायला. ते माझं मी लिहिलं.

तुझं परवाचं पत्र मी त्याच्यापुढे टाकलं. त्याने वाचलं. विजेचं वाचून त्याने कागद-दौत पुढे ओढली. म्हणाला, "मी आत्ताच पत्र लिहितो." मी म्हटलं, "पत्र नाही. त्यांचं कपाट पाठीवरून उतरवलंस ना? सगळी गल्ली बघत होती तेव्हा बरं जमलं. आता हेही तसंच घेऊन जा, कुणी बघत नसताना."

शनिवारी सामना आहे. टॅटरसॉल म्हणाले, टीमची गाडी चुकली तर टीममधून काढीन. तरी तो निघालाय.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

नेली


ग्रिम्सबी,
२७ मार्च

नेली,

तो १८ तारखेला, शुक्रवारी सकाळी आला. दार मी उघडलं. टोपी हातात, अंगावर पावसाने भिजलेला कोट. मला वाटलं, बिचारा रेगला निरोप द्यायला एवढ्या लांब आला! मी त्याच्या गळ्यात पडले, नेली. तुझ्या नवऱ्याच्या. तो लाकडासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "एल्सी, आधी वाच."

मी वाचलं. पत्र एप्रनच्या खिशात कोंबलं. रेग आत जाळी विणत होता. बायका होत्या. मी त्याला मागच्या अंगणात बोलावलं.

सिरिल म्हणाला, "रेग, मी ओरडलो होतो."

रेगने माझ्याकडे बघितलं. सवयीने. मी मान हलवली, होय, तो बोलला.

मग रेगने त्याला विचारलं, "काय ओरडलास?"

"माझा. सोड."

"असं नाही. जसं ओरडलास तसं ओरड."

"रेग, शेजारीपाजारी..."

"ओरड."

आणि सिरिल ओरडला. कोळशाच्या कोठीशी उभा राहून, भिजलेल्या कोटात, सगळ्या ताकदीने. कुत्री भुंकायला लागली. समोरच्या म्हातारीने खिडकीतून डोकं काढलं. आत आईच्या हातातून काहीतरी पडलं. रेगने त्याला पुन्हा ओरडायला लावलं. मग आणखी एकदा. सिरिलचा आवाज फाटला, तो रडत होता, तरी रेग म्हणत होता, "पुन्हा."

शेवटी रेग ओल्या पायरीवर बसला. मला म्हणाला, "हाच आवाज, एल्सी. अगदी हाच." आणि हसायला लागला. हसता हसता तोंड हातांत लपवलं.

सिरिल काहीतरी बोलत होता, घराचं, ट्रेनरच्या नोकरीचं, कसं राहून गेलं त्याचं. रेगने मध्येच हात वर केला. "ते तुझं तुझ्यापाशी. मला हवं होतं ते मिळालं. आता जा, गाडी चुकेल." ना शिवी, ना हात मिळवणं. सिरिल थोडा वेळ उभा राहिला. त्याला मार हवा होता असं मला वाटलं. तो काही त्याला मिळाला नाही.

सोमवारी आम्ही कुठे गेलो नाही. डॉक्टरला रेगने स्वतः जाऊन सांगितलं. रेग पूर्ण बरा झालाय असं मी म्हणणार नाही. पाण्यातली माणसं आहेत ती आहेत. पण काल ब्रेंडाने हाक मारली तर त्याने परस्पर उत्तर दिलं.

आता तुझ्याबद्दल. सिरिल भित्रा निघाला. घाबरून एक शब्द बोलला आणि त्यात अडकला. ते मला कळू शकतं. पण तू सगळं माहीत असताना माझ्या पोरीचं माप आठवून स्वेटर विणलास. एकेक टाका घालताना काय चाललं होतं गं तुझ्या मनात? साखर पाठवलीस. आणि 'डॉक्टरला दाखव' लिहिलंस. तू लिहिलंस म्हणून मी दाखवलं. अजून एक सोमवार उलटला असता तर माझ्या नवऱ्याच्या डोक्याला त्यांनी तारा लावल्या असत्या.

मला पत्र लिहू नकोस.

एल्सी डनिंग


अ‍ॅकर्डेल,
१२ जून

प्रिय एल्सी,

लिहू नकोस म्हणाली होतीस. हे एकच लिहिते. वाचलं नाहीस तरी चालेल. पण रेगच्या नावावरचा डाग गावात पुसला गेला की नाही, हे त्याला कळायला हवं आणि सांगणारं दुसरं कुणी नाही.

सिरिल परत आला तो तसाच मैदानावर गेला आणि टॅटरसॉलना आणि सगळ्या टीमला सांगितलं. नव्या गोलकीपरने विचारलं म्हणे, "मग माझ्या वेळी ओरडलास तर मी काय समजायचं?" सिरिल म्हणाला, हे क्लबने पेपरात छापून आणावं. पॉमफ्रेट साहेबांनी त्याला घरी बोलावून दम दिला: "मतं मागायला निघालोय आपण, हॉवर्थ. आमचा कप्तान खोटारडा आहे असं छापून निघू?"

एप्रिल सगळा असाच गेला. आपण तळालाच राहिलो. शेवटच्या सामन्यानंतर चॅपेलच्या हॉलमध्ये क्लबच्या पाठीराख्यांची सभा होती. सिरिल न विचारता उठला आणि सगळं सांगितलं. मी मागच्या बाकावर होते. मिसेस क्लेग माझ्या पुढे होती. मी वाट बघत होते, आता कुणीतरी ओरडेल, काहीतरी फेकेल. मला ते हवंच होतं. रात्रीतून आमच्याही दारावर खडूने लिहितील, मी ते पुसणार नाही असं ठरवलं होतं.

काहीच नाही झालं, एल्सी. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. बाहेर पडताना लोक त्याची पाठ थोपटत होते. "खरं बोलायला छाती लागते, कप्तान!" 'पुतळा' असं ज्याने लिहिलं होतं तो कोण हे मला माहीत आहे, त्याने सिरिलचा हात दोन्ही हातांत घेतला. रेगचं नाव एकानेही काढलं नाही. सिरिल हात सोडवून एकटाच घरी निघाला.

आणि ऐक. पॉमफ्रेट साहेब लंडनला गेले ते हीच गोष्ट घेऊन. आमचा क्लब हरतो, पण आमचा कप्तान भर सभेत उभा राहून सत्य सांगतो, अशा क्लबाला तुम्ही बाहेर काढणार का? लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मतं मिळाली. आपण लीगमध्ये राहिलो. गावात बँड वाजवला.

टॅटरसॉलनी ट्रेनरची जागा पुन्हा देऊ केली. सिरिल नाही म्हणाला. मला न विचारता. आणि आता तुला जे सांगते ते सिरिललाही माहीत नाही. तो नाही म्हणाला ते ऐकल्यावर मी खूश व्हायला हवं होतं ना? माझ्या मनात पहिल्यांदा आलं, मूर्खा, आता तरी गप्प बसायचं होतंस, घर गेलं ना! इतकं सगळं होऊनही पहिल्यांदा मनात आलं ते घरच. टाके घालताना माझ्या मनात काय होतं असं तू विचारलं होतंस. हेच होतं. दुसरं काही नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते की रेग आपोआप बरा होईल आणि मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

सामान बांधून झालंय. सिरिलच्या भावाकडे यॉर्कशरला चाललोय, विटांच्या भट्टीवर काम आहे. गल्लीतल्या सगळ्या बायका निरोप द्यायला येऊन गेल्या. कुणी केक आणला, कुणी अंडी. मला त्यांच्याकडे वर बघवत नव्हतं. त्यांना वाटलं, मला रडू येतंय.

नेली


ग्रिम्सबी,
३ जुलै

नेली,

तुझं पत्र मिळालं. वाचलं.

क्लबाकडून रेगला बोलावणं आलं होतं. परत या, चूकभूल विसरू या, असं. त्याने उत्तर दिलं नाही. इथे गोदीवाल्यांची टीम आहे, रविवारी वाळूवर खेळतात. मागच्या आठवड्यात त्यांचा गोलकीपर आला नाही तेव्हा रेग जाऊन उभा राहिला. तीन गोल खाल्ले आणि हसत घरी आला.

मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या भागासकट. तो म्हणाला, "हे सांगायची तिला गरज नव्हती." मी म्हटलं, "म्हणूनच सांगितलं असेल." मग आम्ही जेवायला बसलो.

मी विसरलेले नाही. विसरेन असं वाटत नाही. पण इथे बोलायला कुणी नाही गं, आणि तुझ्याशी भांडण मनातल्या मनात करून करून मी थकले आहे. यॉर्कशरहून गाडी आहे. एखाद्या रविवारी ये. एकटी ये, सिरिलला आणू नकोस. स्टेशनवर मी येईन. घरी नेईन की तिथूनच परत पाठवीन, हे तुझं तोंड बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

एल्सी